भानुबेनच्या डोक्यावरची ठकठक

बोरीवलीत सोनमोहर फुलायला लागला की मला उकाड्याचा राग येत नाही. एरवी एप्रिल-मे म्हणजे पाठीला चिकटलेले कपडे आणि गरम वारा ढकलणारे पंखे. पण त्याच दिवसांत आमच्या गल्लीत पिवळ्या पाकळ्यांचा सडा पडतो. उभ्या गाड्यांच्या टपांवर, रिक्षांच्या ताडपत्रीवर, वॉचमनच्या खुर्चीवरसुद्धा. सकाळी झाडूवाली खराट्याने तो सगळा एका कोपऱ्यात लोटते आणि दुपारी बघावं तर रस्ता पुन्हा पिवळा. शाळांना सुट्ट्या लागलेल्या असतात. गच्च्यांवर कुरडया-पापड वाळत असतात. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात आंबा आटत असतो आणि त्याचा वास जिन्यातून तीन मजले वर चढतो.

हे दिवस आले की माझा उजवा हात आपोआप टेबलाच्या कडेला जातो आणि मधलं बोट ताठ होतं. ऑफिसातल्या मुली हसतात. त्यांना माहीत आहे, माझा तो उन्हाळा पुन्हा सुरू झाला.

मी सव्वीस वर्षांची होते. लांज्याहून मुंबईला आले होते, कॅरम खेळायला.

असं सांगितलं की लोक एकदा नीट बघून घेतात. कॅरम म्हणजे सुट्टीत मुलांना गप्प बसवायचा खेळ, नाहीतर गणपतीत मंडळाच्या खोलीत रात्र काढायचा. आमच्या घरी तसं नव्हतं. बाबांचं शिवणकामाचं दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक नसे, रस्ता झोपलेला असे, आणि मशीन थांबलं की दुकानात इतकी शांतता होई की स्ट्रायकर बोर्डावरून सरकताना त्याची खसखस ऐकू यायची. त्या शांततेत बाबांनी मला शिकवलं. कट कसा मारायचा, रिबाउंडला कोन कसा धरायचा, राणी घेतली की लगेच आपली एक सोंगटी घालून ती पक्की कशी करायची. बाबा बोलत नसत. चुकलं की नुसते मान हलवत, आणि बरोबर गेलं की पुढच्या सोंगटीकडे बघत.

आदल्या वर्षी राज्याच्या निवड चाचणीत मी शेवटच्या सामन्यापर्यंत पोचले होते. पुढे होते. मागच्या रांगेत कुणाचा तरी फोन वाजला, दोघी खुदकन हसल्या, आणि माझं बोट स्ट्रायकरवरून घसरलं. त्यानंतर एकही सोंगटी जागेवर गेली नाही. पहिल्या सहांत आलेल्या मुली राज्याच्या संघात गेल्या आणि खेळाडूंसाठी राखीव असलेल्या नोकरीला त्यांना अर्ज करता आला. मी बसची वाट बघत उभी राहिले.

म्हणून पुढच्या वर्षी निघताना दादा म्हणाला, "सुजे, हा शेवटचा उन्हाळा हां. मग बाकीचं बघू." बाकीचं म्हणजे लग्न. दादा वाईट नव्हता, त्याच्या दृष्टीने त्याने मला एक वर्ष जास्तच दिलं होतं. बाबांनी माझ्या बोर्डाला जाड कापडाची, दोन पट्ट्यांची पिशवी शिवली आणि एसटीत ती स्वतः चढवून दिली.

मी उतरले ते सावंत मावशींचं मुलींचं हॉस्टेल बोरीवलीतल्या एका जुन्या तीन मजली सोसायटीत होतं, पहिल्या मजल्यावर, दोन फ्लॅटमधली भिंत फोडून केलेलं. बाहेर पाटी नव्हती. दारावर फक्त 'सावंत' आणि खाली आंब्याचं वाळलेलं तोरण. आत लोखंडी पलंग, खाली एक, वर एक. प्रत्येकीला एक कपाट, एक खिळा आणि खिडकीच्या दोरीवरची हातभर जागा. स्वस्तातल्या हॉस्टेलचा कायदा असा की तुमचं असं काहीच नसतं, आणि म्हणून चार दिवसांत सगळंच तुमचं वाटायला लागतं. सावंत मावशी मालवणच्या. नवरा गेल्यावर त्यांनी घर मुलींना उघडून दिलं. साठी उलटलेली, कमरेला पदर खोचलेला, आणि बोलणं समोरच्याला उभ्या उभ्या बसवणारं.

मी पिशवी उतरवून पहिलाच प्रश्न विचारला, "मावशी, इथे शांतता असते ना?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ह्यां हॉस्टेल आसा गो, देऊळ न्हय. आवाज होतलोच. चपला भायर काढ."

आवाज होतेच. पहाटे पाण्याचा पंप, मग दूधवाल्याची बेल, मग शिट्ट्या मारणारे कुकर, या घरातला थांबला की त्या घरातला. मिक्सर. समोरच्या देरासरातली, म्हणजे जैन मंदिरातली घंटा. कुठल्याशा खिडकीतून रेडिओवरचं भजन, त्याच वेळी दुसऱ्या खिडकीतून बाजारभाव. सुट्टी लागलेली मुलं खालच्या अरुंद जागेत क्रिकेट खेळत आणि एक टप्पा आउट की नाही यावर तासभर भांडत. हॉस्टेलात सोळा जणींचे फोन, हेअर ड्रायर, बादल्या, आणि बाथरूमच्या दारावरच्या थापा. आणि माझ्या वरच्या पलंगावर संगीता.

संगीता हिंगोलीकडची. दिवसा एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायची आणि वनरक्षकाच्या परीक्षेचा अभ्यास करायची. पहाटे उठून राष्ट्रीय उद्यानाच्या कडेकडेने धावून यायची आणि आल्यावर मोठ्याने पाठांतर. "साग, ऐन, किंजळ, हिरडा, बेहडा, मोह." मनात वाचलेलं तिच्या लक्षातच राहत नसे. मी पहिल्याच दिवशी तिला म्हटलं, "जरा हळू वाचशील का गं? मला सराव करायचाय."

"तू कर की," ती वरून वाकून म्हणाली. "मी काय तुझा हात धरायलेय का?"

तो प्रश्न मला तेव्हा उद्धट वाटला. आज मला वाटतं, त्या उन्हाळ्यात मला कुणी विचारलेला तो सगळ्यात कामाचा प्रश्न होता.

मी दोन पलंगांच्या मधे स्टूल टाकून त्यावर बोर्ड ठेवला आणि सराव सुरू केला. तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी दाराची बेल वाजली, बोट न उचलता वाजतच राहिली. मावशींनी दार उघडलं. खालच्या फ्लॅटमधल्या भानुबेन उभ्या होत्या. सत्तरीच्या जवळच्या, ठेंगण्या, डोक्यावरून साडी घेतलेल्या, हातात चाव्यांचा जुडगा.

"सावंतबेन, माझ्या डोक्यावर कोण खिळे ठोकते? काल पण ठोकते, आज पण ठोकते. मी सीरियल कशी बघायची? मी सेक्रेटरीकडे जाते आता."

सेक्रेटरीचं नाव निघताच संगीता वरच्या पलंगावरून खाली उतरली. हे प्रकरण काय आहे ते मला संगीताने कानात सांगितलं. सोसायटीतल्या काही जणांना हे हॉस्टेल नको होतं. राहत्या घरांच्या मधे परक्या मुलींची ये-जा नको, असं ते प्रत्येक सभेत म्हणत. लेखी तक्रार मात्र आजवर कुणी केली नव्हती, त्यामुळे विषय तिथेच राही. पहिली तक्रार आज माझ्यामुळे होणार होती, आणि त्यात सोळा जणींचं छप्पर जाण्यासारखं होतं.

मी सोंगट्या डब्यात भरायला घेतल्या. दुसरीकडे जागा बघावी, नाहीतर सरळ लांज्याची एसटी धरावी, असं मनात येऊन गेलं.

"बोर्ड कित्याक भरतंस?" मावशी दारातूनच म्हणाल्या. "मी सांगलंय काय तुका?" मग भानुबेनकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही आधी आत या. चहा टाकलाय. खिळे कोण ठोकते ते डोळ्यांनी बघा आणि मग जा कुठे जायचं तिकडे."

भानुबेन आत आल्या, त्या भांडायला म्हणूनच. माझ्या पलंगावर टेकल्या. बोर्ड बघितला. "आ तो केरम छे," त्या म्हणाल्या, जरा निराश होऊन, खिळे नाहीत म्हणून. मग म्हणाल्या, "मार बघू एक."

मी मारली. सोंगटी गेली. 

"आ लाल वाळी?"

राणी मारली. तीही गेली.

"रोज असंच करते ही?" त्यांनी मावशींना विचारलं. मावशींनी त्यांच्या हातात कप दिला. कप रिकामा झाला तरी भानुबेन उठल्या नाहीत. खाली त्यांची सीरियल कधीच सुरू झाली होती, आवाज वर येत होता. जाताना मात्र दारात थांबून बजावलं, "ठोकायचं तर खाली काही घाल. माणूस राहते खाली."

त्या रात्री मावशींनी माळ्यावरची जुनी गोधडी काढली. चार घड्या करून ती स्टुलाच्या पायांखाली घातली, वर बोर्डाखाली संगीताने तिची सतरंजी दिली. ठकठक बरीच कमी झाली. तरी दुसऱ्या संध्याकाळी बेल वाजलीच. भानुबेन. "आवाज येत नाही आज," त्या म्हणाल्या. "मला वाटलं छोकरी गेली की काय."

तेव्हापासून त्या रोज यायच्या. मुलगा परदेशात, सून परदेशात, घरात त्या आणि टीव्ही. इथे सोळा मुली आणि एक खेळ. आणि त्या गप्प बसत नसत. मी नेम धरला की त्यांना बोलायची उबळ येई. "ती काळी बघ, ती सोपी आहे." "भानुबेन, ती माझी नाही, समोरच्याची." "मग काय झालं, घेऊन टाक." स्ट्रायकर सुटला की दर वेळी, "आ गई के नहीं?", ही गेली की नाही? किंवा मधेच, "तुझी मम्मी भाकरी करते की चपाती?" आणि मी स्ट्रायकर सोडण्याच्या क्षणाला हमखास शिंक. वरून संगीता, "साग, ऐन, किंजळ." स्वयंपाकघरातून मावशी, "कोणी मीठ घातलं डाळीत, दोनदा घातलंय." खालून मुलं, "आउट, आउट."

पहिला आठवडा माझी वाट लागली. मी रडकुंडीला आले. एकदा बाथरूममध्ये नळ सोडून खरंच रडले. बाबांच्या दुकानातली दुपार मला इथे कुठून मिळणार होती? मग कधीतरी, कुठल्या दिवशी ते सांगता येणार नाही, माझ्या लक्षात आलं की भानुबेनची भावजय कशी भांडखोर आहे ते मी ऐकतेय, त्यावर हं हं करतेय, आणि त्याच वेळी बोर्डावरच्या माझ्या सोंगट्या एकामागून एक संपल्यात. मी थबकले. आवाज होते, सगळे होते. ते फक्त माझ्या बोटापर्यंत येत नव्हते.

आता मी इथेच राहते, दोन गल्ल्या सोडून, स्वतःच्या भाड्याच्या घरात. माझी धाकटी भाची सुट्टीत येते तेव्हा अभ्यासाला शांत जागा मागते. मी तिला खिडकी उघडून देते. तिला राग येतो. मी मनात म्हणते, बाळ, शांतता मिळाली तर घे, पण तिच्यावाचून अडून राहू नकोस. राहत्या वस्तीत शिकलेलं एवढंच मला ठामपणे सांगता येतं. बाहेरून गोंगाट वाटतो तो जवळून ऐकला तर प्रत्येक आवाजाला माणूस असतो. कुणी कुणासाठी डाळ शिजवत असतं, कुणी कुणाची वाट बघत असतं. एकदा ती माणसं कळली की त्यांचे आवाज टोचत नाहीत.

निवड चाचणी मे महिन्यात, जवळच्याच एका सभागृहात होती. मी सामने जिंकत गेले, एखादा हरले, आणि शेवटच्या दिवशी पुन्हा तिथेच येऊन पोचले. शेवटचा सामना जिंकला तर सहांत, हरला तर घरी. समोर ठाण्याची एक खेळाडू होती, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, राज्याकडून अनेकदा खेळलेली. चेहऱ्यावर काही न दाखवणारी.

मी हॉस्टेलात कुणाला या म्हटलं नव्हतं. तरी पहिला डाव सुरू होताना दारात गडबड झाली. मावशी, संगीता, आणखी चार-पाच मुली, आणि सगळ्यांच्या पुढे भानुबेन, लग्नाला जावं तशी साडी नेसून. त्यांनी दुसऱ्या रांगेत जागा धरली. पिशवीतून ठेपले निघाले.

पहिला डाव मी घेतला, दुसरा तिने. तिसरा असा रंगला की बरोबरीवरून शेवटचा एकच बोर्ड उरला. दोघींचे गुण सारखे. आता हा बोर्ड जिचा, सामना तिचा.

तिची एक काळी उरली होती. माझ्या दोन पांढऱ्या. आणि राणी अजून बोर्डावर, माझ्या बाजूला, माझ्या रेषेच्या अलीकडे, अगदी कडेला. ती पुढे मारता येणार नव्हती. स्ट्रायकर अंगठ्याने मागे, स्वतःकडे ओढल्यासारखा मारूनच ती कोपऱ्यात जाणार होती. राणी, मग ती पक्की करायला एक पांढरी, मग शेवटची पांढरी. तिन्ही एकाच पाळीत जायला हव्या होत्या. पाळी तिच्याकडे गेली असती तर राणी आणि तिची काळी, दोन्ही सोप्या होत्या.

बाकीचे सामने संपले होते. सगळे आमच्या टेबलाभोवती जमले. कुणीतरी कुजबुजलं तेव्हा पंचांनी हात वर केला. "शांतता राखा."

आणि शांतता झाली. खरोखरची, बाबांच्या दुकानातल्यासारखी. पंख्याचा आवाजसुद्धा हलका झाल्यासारखा वाटला. मी स्ट्रायकर ठेवला, अंगठा मागे नेला, आणि माझा हात कापायला लागला.

महिनाभर मी एका क्षणासाठीही अशा शांततेत खेळले नव्हते. मला माझा श्वास ऐकू येत होता. बांगडीचा बोर्डाच्या कडेला लागलेला आवाज मला ताटावर ताट आपटल्यासारखा वाटला. शंभर डोळे अंगठ्यावर होते. मी हात मागे घेतला. पुसला. पुन्हा ठेवला. पुन्हा कापला. पंच घड्याळाकडे बघू लागले. समोरच्या बाईंनी पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून, कुजबुज समजून केलेल्या पण सगळ्या सभागृहाला ऐकू गेलेल्या आवाजात भानुबेन म्हणाल्या, "सावंतबेन, गॅस बंद केला ना तुम्ही?"

आणि तशाच कुजबुजीत मावशी, "केलंय गो बाये, गप ऱ्हव."

सभागृह हसलं. मागून पुढून, सगळीकडून हसलं. समोरच्या बाईसुद्धा ओठ दाबून हसल्या. पंचांनी दुसऱ्या रांगेकडे बोट रोखलं, "आजी, आता बोललात तर बाहेर." "मी काय बोलली?" भानुबेन म्हणाल्या, आणि पुन्हा हशा. खुर्च्या सरकल्या, कुणी खोकलं, ठेपल्याचा कागद वाजला.

माझे खांदे खाली आले. मला माझ्या दोन पलंगांच्या मधल्या जागेवर बसल्यासारखं वाटलं. पंचांनी खेळा अशी खूण केली, हसू पुरतं विरायच्या आत मी अंगठा सोडला.

राणी गेली.

पहिली पांढरी कटवर घ्यायची होती. घेतली. राणी पक्की झाली. दुसरी पांढरी समोरच्या कोपऱ्याच्या तोंडाशी होती, लहान मुलाने मारली तरी जाईल अशी. अशाच सोंगट्या चुकतात. मी भानुबेन नेहमी विचारतात तो प्रश्न मनात ऐकला, आ गई के नहीं, आणि मारली. गेली.

समोरच्या बाई उठल्या आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "अंगठा छान आहे तुझा," त्या म्हणाल्या. "कुणी शिकवला?"

"बाबांनी."

मग काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांतच आठवतं. संगीताने मला उचलून घेतलं, ती रोज धावणारी, तिला जड गेलं नाही. "म्हणलं होतं ना मी, म्हणलं होतं ना," एवढंच ती बोलत होती. मावशी पदराने माझं तोंड पुसत होत्या, घाम आहे की रडू याची चौकशी न करता. आम्ही चालतच परत निघालो. रस्ताभर पाकळ्या होत्या आणि सगळ्यांत पुढे भानुबेन, पहिल्या सहांत आल्याची माझी ट्रॉफी छातीशी धरून. जो भेटेल त्याला थांबवत होत्या. भाजीवाला, इस्त्रीवाला, देरासरातून बाहेर पडणाऱ्या बायका. "आमच्या बिल्डिंगची छोकरी आहे. स्टेटला चालली." सोसायटीच्या फाटकात सेक्रेटरी उभे होते. भानुबेननी ट्रॉफी त्यांच्या नाकासमोर धरली. "आमच्या बिल्डिंगची आहे," त्या पुन्हा म्हणाल्या, या वेळी एकेक शब्द सुटा करून. सेक्रेटरींनी ट्रॉफीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अभिनंदन." पुढच्या सभेत हॉस्टेलचा विषय निघाला तेव्हा विरोधात बोलायला उभ्या राहिलेल्या गृहस्थांना भानुबेननी खाली बसवलं. हॉस्टेल आजही तिथे आहे. संगीता किनवटच्या जंगलात वनरक्षक आहे, आणि तिच्या हाताखालच्या पोरांना झाडांची नावं मोठ्याने म्हणायला लावते असं ऐकते. मला त्याच वर्षी नोकरी लागली.

पण त्या संध्याकाळी यातलं काहीच माहीत नव्हतं. वर हॉस्टेलात शिरा होत होता. मी जिन्याच्या पायरीवर बसले आणि बाबांना फोन लावला. दादाने उचलला. "जिंकले," मी म्हटलं. त्याने मोठ्याने हाक मारली, "बाबा, सुजी आली सहांत," आणि फोन त्यांच्या हातात दिला.

बाबांनी शाबास म्हटलं नाही. ते म्हणाले, "शेवटचा बोर्ड सांग."

मी सांगायला लागले. तिची काळी कुठे होती, माझ्या पांढऱ्या कुठे, राणी कुठे. पलीकडून खटखट असे आवाज येत होते. मला आधी कळलं नाही. मग कळलं की दुकानातल्या जुन्या बोर्डावर बाबा मी सांगेन तशा सोंगट्या मांडतायत.

"राणी रेषेच्या किती अलीकडे?"

"दोन बोटं. कडेला टेकलेली."

"थांब."

मी थांबले. पलीकडे स्ट्रायकर सुटल्याचा आवाज आला, सोंगटी लाकडाला लागल्याचा आला, आणि मग बराच वेळ काहीच नाही. पुन्हा एकदा तेच. आणि पुन्हा.

"माझी नाही जात," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज हसत होता. बाबांना हसताना मी फार कमी वेळा ऐकलंय. "सुजे, अंगठा नेमका कसा ठेवलास गं? मला नीट सांग."

मी पायरीवर सरसावून बसले, फोन कानाला दाबला, आणि बाबांना शिकवायला लागले.